संगणक बदलला, पण मराठी कुठे गेली?

परीक्षा संपली की मेसमध्ये हमखास रंगणारा विषय म्हणजे लॅपटॉप कोणता घ्यावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि तेव्हापासून तर आमच्या विंगमध्ये प्रत्येक जण तज्ज्ञ झाला आहे. एक म्हणतो, "रॅम वाढव, एसएसडी टाक, मशीन पळतंय बघ." दुसऱ्याचे ठरलेले उत्तर, "लिनक्स टाक, फुकट आहे." तिसऱ्याचे मशीन विंडोज ११ घेतच नाही. तो चिडून विचारतो, "चांगलं चालतंय की, मग काहून बदलू?" त्याचे काही चुकत नाही म्हणा. पण या सगळ्या चर्चेत जुन्या मशीनमधली मराठी नव्या मशीनवर वाचता येईल का, हे कोणीच विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

माझे आजोबा गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव, तेव्हा जात्याशी नाते जुनेच. नोकरीच्या काळात त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. २००४ साली परभणीतल्या एका डीटीपीच्या दुकानात त्या टाइप करून घेतल्या, सीडी आणली आणि घरच्या असेंबल्ड डेस्कटॉपवर कॉपी केली. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. २०२४ च्या दिवाळीत मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, डेस्कटॉपला फॉरमॅट मारला आणि भंगारात देऊन टाकला. शहाणपणा सगळा माझाच. संध्याकाळी आजोबांना नव्या लॅपटॉपवर फाइल उघडून दाखवली, तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि डॉलर, टक्के असली चिन्हे. आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "अरे, हे काय उमटलंय? माझ्या बाया कुठं गेल्या?"

आता हे असे का होते ते पाहू. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण २५६ आकडे. त्यात मराठीला सगळीकडे सारखी अशी ठरलेली जागा नव्हती. इस्की हे भारतीय प्रमाण आले, १९९१ मध्ये मानक ब्यूरोनेही ते स्वीकारले. पण डीटीपीच्या दुकानांत चालले ते दुसरेच. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे तुकडे काढून ठेवले, आणि प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. उदाहरणार्थ कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' लिहिले तर फाइलमध्ये जातात १०१, १०६, १०७, ६६, १०४ हे आकडे, म्हणजे इंग्रजीतली ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट असेल तर मराठी दिसते, नसेल तर ही इंग्रजी अक्षरे. थोडक्यात, फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, ती फॉन्टमध्ये होती. आणि फॉन्ट मी भंगारात दिला होता.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे १२८ आकडे आहेत, २३०४ ते २४३१. तिथे 'मराठी' म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. हे आकडे कुठल्याही मशीनवर मराठीच राहतात, फॉन्ट कोणताही असो. विंडोजमध्ये ही सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. सोबतचा मंगल फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. एक्सपीमध्ये मात्र ती वेगळी चालू करावी लागे आणि ती नेमकी सीडी मागायची. सीडी कोणाजवळ असायची? असो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण घाबरून चुकीचे काम होते. नव्या मशीनवर मराठी बिघडलेली दिसते ती तीन प्रकारे. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. इंग्रजी गिचमिड दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, परत मिळू शकतो. पण नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर बहुधा गेला. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून 'एएनएसआय' मध्ये सेव्ह केले की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हाचा आकडा, ६३, लिहिला जाई. मग कोणताही फॉन्ट टाका, उपयोग नाही. तेव्हा गिचमिड दिसली म्हणून फाइल डिलीट करू नका, बरं का.

आमची गिचमिड होती. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत जुन्या फॉन्टचे नाव दिसत होते, पण तो फॉन्ट कुठे मिळेना. दुकान कधीच बंद झालेले. नेटवरचे फुकट कन्व्हर्टर प्रचलित फॉन्टसाठी असतात, ते आमच्या फाइलवर भलतेच काही उमटवत. शेवटी आजीच्या ट्रंकेत जुन्या प्रिंटची चौदा पाने सापडली. एका बाजूला छापील ओवी आणि दुसऱ्या बाजूला तिचीच गिचमिड ठेवली, की कोणते चिन्ह म्हणजे कोणता तुकडा हे हळूहळू कळते. सुट्टीचे आठ दिवस आजोबा ओवी वाचत आणि मी तक्ता भरत होतो. मग पायथॉनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला.

नुसते चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, जसे डोळ्याला दिसते तसे. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, जसे आपण बोलतो तसे. रफार याच्या उलट. 'कर्म' मधला रफार जुन्या फाइलमध्ये म च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र् म च्या आधी हवा. ण आणि श हे अर्धे अक्षर अधिक काना असे जोडून बनवलेले, म्हणून काना आधी बदलला की सगळे बिघडते. मोठे तुकडे आधी, छोटे नंतर. आणि आपला खास मराठी अर्धा र! 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. ओवीत एकाच्या जागी दुसरा आला तर बाई डोंगराऐवजी समुद्रात जायची. तुम्ही कन्व्हर्टर वापरणार असाल तर आधी किरण, कर्म, गणेश, दऱ्या हे चार शब्द घालून बघा. चारही नीट आले तरच पुढे जा. आणि जुने मशीन फॉरमॅट करण्याआधी त्यातला फॉन्ट्सचा फोल्डर उचलून घ्या. हे पाच मिनिटांचे काम मी केले असते तर आठ दिवस वाचले असते.

एकूण २१२ ओव्या निघाल्या. त्यातल्या अकरा ओव्यांत काही जोडाक्षरे अशी होती, जी त्या चौदा पानांत कुठेच नव्हती. तिथे प्रोग्राम चौकोनी कंस टाकून थांबत होता. मी अंदाजाने भरणार होतो, आजोबांनी अडवले. मकर संक्रांतीला आम्ही दोघे एसटीने गावी गेलो. ज्यांच्याकडून ओव्या घेतल्या त्यातल्या एकच आजी आता हयात आहेत. आजोबा कंसाच्या आधीची ओळ म्हणायचे, त्या पुढची म्हणायच्या, मी फोनवर मराठीत टाइप करायचो. अकरापैकी नऊ भरल्या. मग त्यांनी प्रोग्रामने बरोबर काढलेली एक ओवी थांबवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे आसं न्हाई. तवाच चुकीचं लिवलंय तुम्ही."

आजोबांनी तीही दुरुस्त करायला लावली. दोन कंस अजून तसेच आहेत.