उन्हाच्या प्रदेशांतील मुडदूस

नांदेड-लातुराकडे उन्हाचा तोटा नाहीं. मग उन्हाच्या अभावीं होणारा मुडदूस येथें कसा, असें विद्यार्थिमित्रांस वाटेल. परंतु ऊन अंगणांत पडून भागत नाहीं. तें त्वचेस लागलें पाहिजे. १९२२ सालीं हचिसन व शाह यांनीं नाशिकच्या पाहणीवरून दाखविलें, कीं पडद्यांत वाढणाऱ्या सधन घरच्या मुलांत मुडदूस आढळे. उन्हांत हिंडणारीं गरिबांचीं मुलें मात्र बहुधा वांचत.

उन्हानें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें. त्यावांचून अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागत नाहीं, हाडें मऊ राहतात व पाय वांकतात. इक्थिऑसिस या आनुवंशिक विकारांत त्वचा जाड व खवलेदार होते; तींत हें जीवनसत्त्व पुरेसें बनत नाहीं. घाम नीट येत नसल्यानें ऊनहि सोसवत नाहीं. त्यांत लोकलज्जेस्तव मुलास घरांतच ठेवितात.

पालकहो, हा विकार स्पर्शानें पसरत नाहीं. असें मूल चालतांना पाय दुखतात म्हणालें, तर त्यास आळशी म्हणूं नका. नांदेड वा लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्यास दाखवा. डॉक्टरांच्या सल्ल्यानें ड जीवनसत्त्व व कॅल्शियम वेळेवर दिल्यास हाडें सुधारतात.

आणि मुलांनो, सांवलींतल्या खेळांत त्यास अवश्य घ्या.