मायक्रोवेव्ह चालतो, पण तापवत नाही

दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पण दूध थंडच! वीज येतेय, मग अडलं कुठे? मुलांना आधी विचारून पाहा.

दिवा, मोटर २३० व्होल्टवर चालतात. अन्न तापवणाऱ्या लहरी मॅग्नेट्रॉन तयार करतो आणि त्याला हजारो व्होल्ट लागतात. म्हणजे बाकी सगळं ठीक असूनही तेवढाच भाग बंद पडू शकतो.

घरी करायची तपासणी सोपी आहे. कपभर पाणी ठेवा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं चालवा. पाणी गरम झालं नाही तर डिफ्रॉस्ट किंवा डेमो मोड सुरू नाही ना, दार नीट लागतंय ना, एवढं बघा. बस्स.

पुढे मात्र स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. ‘प्लग काढला की धोका संपला’ हे आपणच वर्गात शिकवतो. इथे ते लागू पडत नाही. आतला कॅपॅसिटर, म्हणजे पुस्तकातलं धारित्र, प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवू शकतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. भार उतरवणारा रोध बऱ्याचदा असतो, पण तो निकामी झालाय का हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा हौशी दादा-काकांच्या हाती देऊ नका, जाणकार मेकॅनिकलाच बोलवा.