आधी पाला बघा, मग शिंगं

मध्य टेक्सासच्या टेकड्यांच्या पट्ट्यात, म्हणजे हिल कंट्रीत, आमची थोडी जमीन आहे. चुनखडीचा खडक, वर वीतभर माती, ओक आणि सीडरची झाडं, आणि पांढऱ्या शेपटीची हरणं. टेक्सासातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. हरीण मात्र कायद्याने राज्यातल्या जनतेचं. कळप आमच्या कुंपणात चरतो, पण आमचा नसतो. या हंगामात कुठला प्राणी मारायचा आणि कुठला सोडायचा, एवढंच आमच्या हातात. भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे माहेरच्या माणसांना हे ऐकवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही इतक्या वर्षांत जे उमगलं, ते मांडते.

१. गवत हिरवं दिसलं म्हणून हरणांची चंगळ आहे असं समजू नका. हे हरीण गवतावर जगत नाही. त्याला झुडपांचा पाला आणि रुंद पानांचं तण लागतं. टेक्सास ओक आणि हॅकबेरी त्याची आवडती, सीडर अगदी नावडता. फाटक उघडून आत शिरलं की मी आधी ओकच्या फांद्या बघते. हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत, साधारण चार-पाच फुटांपर्यंत, सगळी झाडं एका रेषेत साफ झालेली असली, हॅकबेरीचं एकही रोप गुडघ्याच्या वर गेलेलं नसलं आणि सीडरलाही दात लागलेले दिसले, की मोजणीची वाट बघायची नाही. हरणं जास्त झाली आहेत. फीडरमधून मका टाकून ही तूट भरत नाही. मक्यात प्रथिनं कमी, आणि तो खाऊन झाला की तीच हरणं पुन्हा त्याच ओककडे वळतात.

२. कळप किती झपाट्याने वाढतो हे डोक्यात पक्कं असू द्या. धडधाकट मादीला बहुतेकदा जुळं होतं. मिशिगनमधल्या जॉर्ज रिझर्व्हच्या कुंपणात १९२८ साली सहा हरणं सोडली होती. सहा वर्षांत ती १६०च्या घरात गेली. आमच्याकडचे लांडगे केव्हाच संपले. पाडसाच्या ओल्या नाळेवर अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी १९६०च्या दशकात वांझ केलेल्या माश्या सोडून हटवली गेली. ते केलं गुरांसाठी, पण जगणाऱ्या पाडसांची संख्याही त्याने वाढली. आता लगाम घालायला उरलं काय? बंदूक, हायवेवरची गाडी आणि उपासमार. २०११च्या दुष्काळात मी पाणवठ्यावर बरगड्या मोजता येतील अशा माद्या पाहिल्या आहेत. या तिघांतली बंदूकच दयाळू, असं मी पूर्ण विचारांती म्हणते.

३. मादी मारायची तयारी नसेल तर या कामात पडू नका. पाहुणा शिकारी येतो तो शिंगांसाठी. त्याला मादी मार म्हटलं की चेहरा उतरतो. पण नर कितीही मारले तरी संख्या घटत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. पाला वाचवायचा असेल तर माद्याच कमी कराव्या लागतात, आणि त्याही हंगाम उघडल्या उघडल्या, नोव्हेंबरात. जानेवारीत मारलेली मादी तोवर दोन महिने चरलेली असते. तेवढा पाला मागे उरणाऱ्यांच्या वाट्याचा होता.

इथे एक काळजी घ्यायची. संध्याकाळी मक्याजवळ एकटंच छोटं हरीण आलं तर थांबा. सगळ्यांच्या आधी धीटपणे पुढे येतं ते पुष्कळदा त्याच वर्षीचं नर पाडस असतं. शेजारी दुसरं हरीण येऊन उभं राहीपर्यंत अंदाज येत नाही. पाडसाचं तोंड आखूड, चौकोनी. वयात आलेल्या मादीचं लांबट. दुर्बिणीतून पाडसाच्या कपाळावर बटणासारखे दोन उंचवटे दिसतात. ते दिसले की बोट ट्रिगरवरून काढायचं. मांस वाया जात नाही: घरी लागेल तेवढं ठेवून बाकीचं गरजूंना जेवण देणाऱ्या संस्थांकडे पोचवण्याची सोय आहे, आणि आम्ही ती दरवर्षी वापरतो.

४. नराचं वय अंगावर वाचा. शिंगं फसवतात. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं आलेली मादीच: मान बारीक, पाय लांबच लांब. साडेतीनला छाती भरते, पण मान खांद्यापासून वेगळी दिसते. पाचाच्या पुढे माजाच्या दिवसांत मान थेट छातीत उतरते, पोट लोंबतं, पाठीला बाक येतो आणि पाय आखूड वाटू लागतात. मारलेल्या प्रत्येक हरणाचा खालचा जबडा काढून, साफ करून, त्यावर तारीख घालून ठेवा. तिसरी दाढ तीन कंगोऱ्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे वय फार तर दीड वर्ष. पक्की दाढ दोनच कंगोऱ्यांची येते. त्यापुढचं वय दाढांच्या झिजेवरून कळतं: पांढऱ्या लुकणापेक्षा आतला तपकिरी पट्टा रुंद होत जातो. दुर्बिणीतून केलेला अंदाज दर वेळी जबड्याशी ताडून बघितला की नजर तयार होते.

५. लहान नर सोडा. शिंगं पूर्ण भरायला पाच ते सात वर्षं लागतात. २००२ साली टेक्सासने सहा काउंट्यांत शिंगांच्या रुंदीची अट घातली, ती कोवळे नर वाचावेत म्हणूनच. दीड वर्षाच्या नराला नुसते दोन सुळके आले म्हणजे त्याचं रक्त वाईट, असं म्हणणारे आजही भेटतात. उशिरा जन्मलेलं पाडस किंवा कोरडं वर्ष, यानेही सुळके येतात. मी अशा नरांना हात लावू देत नाही.

मात्र दीड वर्षाचे निम्म्याहून जास्त नर आईचा परिसर सोडून मैलोन्‌मैल लांब जातात. तुम्ही सोडलेला नर शेजारी मारतो, आणि शेजाऱ्याने सोडलेला तुमच्याकडे येतो. म्हणून आजूबाजूच्या जमीनमालकांनी एकत्र बसून नियम ठरवणं हाच उपाय. आमच्या गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या रँचरने हे पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं: "कुंपण गाईंसाठी असतं, हरणं ते वाचत नाहीत."

६. चितळाला दयामाया दाखवू नका. हो, आपलंच चितळ, पेंच-ताडोबात ज्याच्या हाकेवरून वाघाचा माग लागतो तेच. १९३०च्या दशकात ते इथे आणलं गेलं आणि मोकळं पसरलं. इथे ना वाघ, ना रानकुत्रे. कायद्याने ते परकं जनावर, त्याला बंद हंगामही नाही. ठिपक्यांचा कळप ओकखाली उभा दिसला की माझा जीव अजूनही हलतो. पण चितळ पालाही खातं आणि पाला संपला की गवतावर निभावतं. इथल्या हरणाला ते जमत नाही. हंट गावाजवळच्या सरकारी वन्यजीव क्षेत्रात १९७१मध्ये सहा पांढरशेपटी आणि सहा जपानी सिका हरणं एकाच कुंपणात ठेवली होती. सिकाही गवतावर निभावणारं. १९७९पर्यंत पांढरशेपटी एकही उरलं नाही. तेव्हा चितळ दिसलं की मारायचं, नर असो वा मादी.

७. ऑगस्टात कॅमेरे लावा, नर, माद्या आणि पाडसं वेगवेगळी मोजा, वहीत लिहा. पाडसं कमी दिसली तर मारायच्या माद्यांचा आकडा त्या वर्षी खाली आणा.

८. म्हाताऱ्या नराचा हव्यास आवरा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग १९६७मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, २०१२मध्ये टेक्सासात पोचला. त्याला औषध नाही, आणि तो पसरवणारं प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लागण वयस्क नरांत जास्त सापडते. म्हणजे नर मोठे होऊ द्या हा आमचाच नियम रोगाला वाट करून देतो. गटात यावर कडाक्याचं भांडण झालं. माझं म्हणणं असं, की रोग शेजारच्या काउंटीपर्यंत आला तर नर सहा-सात वर्षांचा होण्याची वाट न बघता साडेचारलाच तो मारावा, आणि खाद्याच्या ढिगावर हरणं तोंडाला तोंड लावून चरतात ते आधी बंद करावं. मारलेल्या हरणाच्या मानेतल्या गाठी तपासणीला पाठवायच्या, आणि निकाल येईपर्यंत मांस कुणालाही द्यायचं नाही. हाडं आणि डोकं त्याच जमिनीत खोल पुरायचं; ट्रकमध्ये टाकून दुसऱ्या काउंटीत न्यायचं नाही.