बसलेल्या दुभत्या गाईची शुश्रूषा

आजारामुळे अथवा दुखापतीमुळे ज्या गाईला आपल्या पायांवर उभे राहता येत नाही, तिला आपल्याकडे ‘बसलेली गाय’ म्हणतात. बदनापूर परिसरात कपाशी, तूर व सोयाबीन या पिकांचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात. घरातील रोजचा खर्च मात्र गोठ्यातील एकदोन दुभत्या गाईंवर चालतो. अशी गाय बसली की डॉक्टरांना बोलावावे, सलाईन लावून घ्यावे व गाय उठण्याची वाट पाहावी, एवढेच आपले काम आहे असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज गाईच्या जिवावर बेततो. औषध मूळ रोगावर काम करते. बसून राहिल्यामुळे होणारी इजा टाळणे मात्र घरच्या माणसांच्याच हाती असते.

पहिले काही तास

मोठ्या संकरित गाईचे वजन चारशे किलो वा त्याहून अधिक असते. ती एकाच कुशीवर बसून राहिली म्हणजे हा भार खाली दबलेल्या मागच्या पायावर पडतो. त्यामुळे तेथील रक्ताभिसरण मंदावते, स्नायू सुजतात आणि नसा दबतात. कठीण जमिनीवर सहा ते बारा तासांत ही इजा इतकी वाढू शकते की मूळ आजार बरा झाला तरी पाय साथ देत नाहीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बसलेल्या गाईंचा अभ्यास झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बसून राहिल्याने झालेली इजा पुष्कळदा मूळ कारणापेक्षा भारी ठरते आणि चांगली शुश्रूषा मिळालेल्या गाई अधिक संख्येने उठतात, असे त्यात दिसून आले.

गाय का बसते?

व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत गाय बसली तर प्रथम दुग्धज्वराची शंका घ्यावी. या रोगाच्या नावात ज्वर असला तरी ताप नसतो. उलट कान व अंग गार लागते, नाकपुडी कोरडी पडते आणि गाय मान वळवून कुशीवर टेकते. चिकाबरोबर रक्तातील कॅल्शियम एकाएकी कमी होते, हे त्याचे कारण होय. कॅल्शियमचे द्रावण शिरेतून सावकाश दिले असता गाय बहुधा काही तासांत उठते. तेच द्रावण घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते; म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच आहे.

याखेरीज अवघड प्रसूतीत नस दबणे, शहाबादी फरशीवर घसरून मागचे पाय फाकणे, हाड मोडणे, तीव्र कासदाह, गर्भाशयाचा दाह आणि उन्हाळ्यातील चाराटंचाईने आलेला अशक्तपणा हीही कारणे असतात. निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असते. ते मोजावे, कास व चारही सड तपासावेत, आणि गाय केव्हा व्याली, केव्हा बसली, काय खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे. गाय लाळ गाळत असेल व तिचा आवाज बदलला असेल, तर तिच्या तोंडात हात घालू नये; तो पिसाळरोग असू शकतो.

शुश्रूषा कशी करावी?

१. बिछाना : गाय फरशीवर असेल तर ती तातडीने हलवावी. गळ्याला वा पायांना दोर बांधून ओढू नये. मजबूत ताडपत्रीवर वा लाकडी फळीवर घेऊन सरकवावे. वाळूचा किंवा मऊ कोरड्या मातीचा आठ ते दहा इंच जाड थर द्यावा व त्यावर सोयाबीनचे भुसकट पसरावे. तुराट्या व पऱ्हाट्या अंथरू नयेत. त्या टोचून जखमा होतात. ओला झालेला भाग रोज काढून टाकावा.

२. बैठक : गाय आडवी पडू देऊ नये. आडव्या गाईच्या पोटातील वायू बाहेर पडत नाही व पोट फुगते. छातीवर सरळ बसवून दोन्ही बाजूंना मातीने भरलेली पोती वा कडब्याच्या पेंढ्या टेकू म्हणून लावाव्यात.

३. कूस बदलणे : दिवसा व रात्री, दर तीन-चार तासांनी गाईला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यावे. नंतर मागच्या पायांना दहा मिनिटे चोळावे. घरातील माणसांनी रात्रीच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात.

४. चारापाणी : स्वच्छ पाणी घमेल्यात वारंवार तोंडापुढे धरावे. हिरवा चारा थोडा थोडा द्यावा. बसलेल्या गाईला नळीने वा बाटलीने औषध, तेल किंवा काढा पाजू नये. तो फुप्फुसात गेल्यास गाय दगावते.

५. कास : सडांना माती लागणार नाही याची काळजी घ्यावी व दूध नियमाने काढावे. दुग्धज्वरातून उठलेल्या गाईची कास मात्र पहिले एक-दोन दिवस पूर्ण रिकामी करू नये. प्रतिजैविक दिले असल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरी वापरू नये व डेअरीलाही घालू नये.

६. उठवणे : शेपूट पिरगाळणे, मारणे वा आरडाओरडा करणे यांनी गाय घाबरून पुन्हा आपटते. ती स्वतः प्रयत्न करील तेव्हाच चार माणसांनी पोटाखालून पट्ट्याप्रमाणे पोते घालून आधार द्यावा. मागचे पाय फाकत असतील तर दोन्ही पायांत सुमारे दोन फूट अंतर ठेवून मऊ दोर सैल बांधावा. गाय उठल्यावर लगेच चालवू नये.

जखमा व वेदनाशामके

बसल्यामुळे गुडघ्यांना व कमरेच्या हाडांना जखमा होतात. त्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, कोरड्या ठेवाव्यात व माश्या बसू देऊ नयेत. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक आपल्या मनाने देऊ नये. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरण्यास भारतात २००६ पासून बंदी आहे. त्या औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाऊन गिधाडे मरतात.

लम्पीने दिलेला धडा

ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग जळगाव जिल्ह्यात आढळला व पुढे राज्यभर पसरला. त्या विषाणूला मारणारे औषध नाही. पायांवर सूज येऊन बसलेल्या गाईला वेगळी बांधणे, पाणी-चारा तोंडापुढे धरणे, जखमा धुणे आणि कूस बदलणे, हीच कामे तेथेही महत्त्वाची होती. माश्या, डास व गोचीड यांचा बंदोबस्त आणि निरोगी जनावरांचे लसीकरण हे त्याचे प्रतिबंधक उपाय होत.

आशा केव्हा धरावी?

गाय खाते, रवंथ करते, कान हलवते व उठण्याची धडपड करते, तोवर शुश्रूषा सोडू नये. काही गाई आठवड्यानंतरही उठतात. तिने खाणे सोडले, ती सतत आडवी पडू लागली वा हाड मोडल्याचे निष्पन्न झाले, तर पुढचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावा. तिचे हाल लांबवू नयेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर लिहून घ्यावा. गावातील चार धडधाकट माणसांना गाय कुशीवरून कुशीवर कशी घ्यावी याचे प्रात्यक्षिक एकदा करून दाखवावे. गाय विण्याच्या आठ दिवस आधी तिच्या जागेवरील फरशी मातीने झाकली आहे की नाही, हे पाहावे. विण्यापूर्वी व नंतर कोणते क्षारमिश्रण किती द्यावयाचे, हे डॉक्टरांना विचारून पालकास लिहून द्यावे. एवढी तयारी असली म्हणजे डॉक्टर येईपर्यंतचा वेळ वाया जात नाही, आणि पुष्कळदा त्याच वेळेत गाईचे पाय वाचतात.