जिममधलं इन्शुलिन: धोका पहिल्याच सुईला

छत्रपती कारखान्याच्या आमच्या पट्ट्यात तालमीची लाल माती जुनी, आरशांची जिम नवी. भवानीनगर, सणसर, बारामती, इंदापूर, कुठेही बघा, पोरं पहाटे उठून घाम गाळतात. कुणाला भरतीला उतरायचंय, कुणाला शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर. या मेहनतीचं मला मनापासून कौतुक आहे, म्हणूनच त्यांच्यातला एक प्रश्न ऐकला की काळजाचा ठोका चुकतो: “डॉक्टर, मला शुगर नाही, पण सहा आठवडे इन्शुलिनची सायकल केली आणि मग बंद केलं तर चालेल ना?”

नाही चालणार. काही आठवडे घ्यायचं, मग शरीराला विश्रांती द्यायची, हा हिशोब स्टेरॉइडवाल्यांकडून आला. तो तिथेही फसवाच आहे, पण इन्शुलिनला तर लागूच पडत नाही. इन्शुलिन जिवावर उठायला आठवडे लागत नाहीत, एक रात्र पुरते.

इन्शुलिन रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत ढकलतं आणि स्नायूंची झीज रोखतं. एवढ्यावरच जिममधले ‘गुरू’ भुलतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जेवणानंतर हेच काम मोजूनमापून करत असतं. वरून टोचलेल्या इन्शुलिनला मात्र थांबायचं कळत नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते. ५४ च्या खाली मेंदूचं इंधन संपू लागतं: बरळणं, झटके, बेशुद्धी. रक्तातलं पोटॅशियमही पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सुईचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपीची सिरिंज ४० वाल्या बाटलीसाठी असते. तिच्यात कुणी १०० वालं इन्शुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. जिमच्या कोपऱ्यात हे कोण तपासतं? त्यात एकच सुई दोघांनी वापरली, तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती रात्रीची. जोरदार व्यायामानंतर स्नायू कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, जास्त साखर ओढत राहतात. साधं रेग्युलर इन्शुलिन सहा ते आठ तास काम करतं. संध्याकाळी टोचलं, जेवला, झोपला. मध्यरात्री साखर घसरली तरी झोपेत थरथर जाणवतेच असं नाही. त्यात दारू असेल तर यकृतही साखर सोडायला कमी पडतं. घरच्यांना वाटतं, पोरगं दमून गाढ झोपलंय.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या. बरं वाटलं की पोटभर खायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात इन्शुलिन घेतल्याचं स्पष्ट सांगा. आमचं काम पोलिसी नाही. लपवलंत तर कारण शोधण्यात मोलाची मिनिटं जातात.

स्पर्धेचं म्हणाल, तर मधुमेह नसलेल्या खेळाडूला इन्शुलिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार कायम निषिद्ध आहे. मेफेंटरमाइनचं इंजेक्शनही असंच जिममध्ये शिरलं. ते भूल देताना घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठीचं औषध. त्याच्या बेकायदा विक्रीवर पुण्यात पोलिसांना कारवाया कराव्या लागल्या.

मधुमेह नसताना घेत असाल तर इन्शुलिन आजच थांबवा, ते हळूहळू सोडावं लागत नाही. आज टोचलं असेल तर उपाशी राहू नका, गाडी चालवू नका, एकटे झोपू नका, आणि घरात एकाला तरी सांगून तडक डॉक्टरकडे जा. सोबत स्टेरॉइड असेल तर ते मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. आणि ज्यांना खरोखर मधुमेह आहे, त्यांनी हे वाचून आपलं इन्शुलिन एक वेळही चुकवू नये.