सदाफुलीची पानं आणि तुझी साखर

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणून गेलीस, "ताई, गोळी सोडलीय मी. सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावते, सासूबाईंनी सांगितलंय." आणि लगेच मुलाच्या शाळेचा विषय काढलास. तेव्हाच ओळखलं, की आता ही ओरडेल अशी तुला धास्ती होती. अगं, ओरडणार नाहीये. पण थोडं ऐकून घे, कारण ज्या झाडाची पानं तू चावते आहेस त्याची गोष्ट भारी आहे आणि तुला कुणी ती सांगितलेली दिसत नाही.

आधी सासूबाईंच्या बाजूनं बोलते. त्यांनी हे मनानं रचलेलं नाही. सदाफुली मूळची मादागास्करची, पण ती गेली तिथे लोकांनी ती साखरेवर वापरली. जमैकात पानांचा चहा करून पीत, फिलिपीन्समध्ये पीत, आफ्रिकेच्या दक्षिणेत पीत, आणि आपल्याकडे चावून खातात. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर कुणीही संशोधक कान टवकारणारच.

तसे ते टवकारलेही. १९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरांनी कॅनडात क्लार्क नोबल यांना पाकिटात घालून पंचवीस पानं पाठवली. हे नोबल कोण, ते ऐक. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग इन्सुलिनच्या मागे लागले, तेव्हा मदतीला बेस्ट आणि नोबल हे दोन विद्यार्थी तयार होते. आधी कुणी जायचं ते नाणं उडवून ठरवलं. नाणेफेक बेस्टनं जिंकली, नोबल हरले, आणि इन्सुलिनच्या इतिहासात नाव राहिलं ते बँटिंग आणि बेस्टचं. तीस वर्षांनी त्याच माणसाच्या हातात मधुमेहावरची म्हणून ही पानं यावीत! मला तर हे वाचताना हसावं की हळहळावं कळेना.

क्लार्कनी पानं धाकट्या भावाकडे, रॉबर्टकडे दिली. ते वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात प्रयोग करत. त्यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर ढिम्म हलली नाही. मग तोच अर्क सुईनं टोचला. साखर तरीही तशीच, पण उंदीर थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गानं मरू लागले. तपासणीत दिसलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या आहेत, हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होतं ते कामच मंदावलं आहे. जंतूंशी लढायला अंगात सैन्यच उरलं नव्हतं.

इथे रॉबर्ट थांबले असते तर कुणी दोष दिला नसता. मधुमेहाचं औषध शोधायला निघाले होते, हाती विष लागलं. पण पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच तर रक्ताचा कर्करोग, मग त्या पाडणारी वस्तू टाकून कशी द्यायची? १९५४ मध्ये चार्ल्स बिअर हे रसायनतज्ज्ञ त्यांच्याकडे आले. पानांच्या ढिगातून नेमका तो घटक वेगळा काढायला त्यांना काही वर्षं लागली. १९५८ मध्ये तो जगासमोर आला, तोच विनब्लास्टिन. अमेरिकेतली एली लिली कंपनीही तेव्हा आपल्या वाटेनं याच झाडावर काम करत होती. तिथून विन्क्रिस्टिन आलं आणि १९६३ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. रक्ताचा कर्करोग झालेली मुलं त्या काळी हातची जातच. आज श्रीमंत देशांत त्यातल्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातली शंभरातली नव्वद मुलं जगतात. हे एकट्या विन्क्रिस्टिनचं श्रेय नाही, चार-पाच औषधं मिळून ते घडतं, पण त्या चार-पाचांत ते आजही असतं.

आता तू म्हणशील, मग चांगलंच की, इतकं गुणी झाड! हो, गुणी आहेच. पण लोकांनी झाड बरोबर धरलं आणि रोग चुकीचा सांगितला. साखरेवर त्या प्रयोगात काहीच हाती लागलं नाही. नंतर काही प्रयोगांत उंदीर-सशांची साखर थोडी उतरलेली दिसली आहे, ते मी लपवत नाही. पण माणसांवर नीट घेतलेल्या, भरवसा ठेवावा अशा चाचण्या नाहीत, आणि तू काही ससा नाहीस.

बरं, चार पानांतून तुझ्या पोटात कर्करोगाचं औषध जातं का? तसंही घाबरवणार नाही तुला. ते घटक पानांत इतके नाममात्र असतात की टनभर वाळलेल्या पानांतून हाती येतं ते ग्रॅममध्ये मोजायचं. शिवाय तोंडावाटे ते नीट शोषलं जात नाही, म्हणून दवाखान्यात ते शिरेतूनच देतात. पण पानात एवढंच नसतं. या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइडं सापडली आहेत. त्यांतली काही रक्तवाहिन्यांवर काम करतात, काही पेशींचं विभाजन अडवतात. ऋतू, जात, झाडाचं वय बदललं की प्रमाण बदलतं. आजची चार पानं आणि पावसाळ्यातली चार पानं सारखी नाहीत. म्हणजे तू रोज डोस न ठाऊक असलेलं औषध घेते आहेस.

आणि तुमचं दुसऱ्या बाळाचं चाललंय ना मनात? वाढणाऱ्या पेशी अडवणारी वनस्पती त्या दिवसांत तोंडातच घालायची नसते. यावर मात्र मी अडून बसणार.

आता तुझ्या गोळीकडे येऊ. "ताई, ती केमिकल आहे गं" असं म्हणालीस. ती मेटफॉर्मिनची आहे, हो ना? मग तिच्या माहेरची चौकशी कर. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक रानटी झुडूप आहे. सारखी तहान, सारखी लघवी अशा तक्रारींवर तिथली जुनी माणसं ते देत. गंमत म्हणजे त्याच झुडपानं चरणाऱ्या मेंढ्या मरत. त्यातल्या गॅलेगिन या घटकानं साखर खरंच उतरते, पण माणसाला ते झेपत नाही. मग रसायनतज्ज्ञांनी त्याच धर्तीचे रेणू बनवून पाहिले. मेटफॉर्मिन १९२२ मध्येच तयार झालं होतं, पण पुढे बराच काळ कुणी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. फ्रान्समधल्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना देऊन १९५७ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेनं तर मान्यता द्यायला १९९४ साल उजाडवलं.

म्हणजे बघ, तुझ्यापुढे दोन्ही झाडपालेच आहेत. सदाफुलीचं साखरेचं म्हणणं तपासात टिकलं नाही, गॅलेगाचं टिकलं. त्यातलं विष बाजूला सारून, मात्रा ठरवून, लाखो माणसांवर वापरून जे उरलं ते तू कचऱ्यात टाकलंस.

गोळी तू खरं तर का सोडलीस, तेही मला ठाऊक आहे. पोट बिघडतं, मळमळतं. हे अनेकांना होतं आणि त्यावर उपाय आहेत. ती जेवणासोबत घ्यायची. डॉक्टर कमी मात्रेपासून चढवत नेतात, किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देतात. हे त्यांना सांगायचं सोडून तू परस्पर बंद केलीस. पुष्कळ वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा तेही मधूनमधून तपासायला सांग. बाळाचं मनात आहे हे तर डॉक्टरांना आधी सांग, कारण गरोदरपणात कोणतं औषध ठेवायचं ते त्यांनाच ठरवू दे.

तुला वाटेल ताई आयुर्वेदाच्या विरोधात गेली. अजिबात नाही गं. आपल्या मुंबईतच रुस्तम जाल वकील या डॉक्टरांनी रक्तदाबावर सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापले, तेव्हा जगाचे डोळे त्या मुळीकडे वळले. तीन वर्षांत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खोल उदासीत जाऊ लागले. हेही मोजून, लिहून ठेवलं म्हणून कळलं. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असणार. "साइड इफेक्ट नाही" असं पाकिटावर छापलेलं दिसलं की मी ते पाकीट खाली ठेवते.

कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आठवतंय? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तो घेतलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, सगळ्यांच्या यकृताला इजा झालेली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. मला विचारशील तर दोन्ही बाजूंनी मुद्दा एकच निघतो. कुंपणावरची वेल उपटून आणणाऱ्याला ती कोणती हे ठाऊक नसतं, आणि खरी असली तरी ती कुणाला बाधेल हे आधी कळत नाही.

घरातलंच काही हवं असेल तर मेथी घे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तिच्यावर माणसांवर प्रयोग झाले आहेत, साखर उतरलेली दिसली आहे. पण मात्रा ऐक: कधी दिवसाला २५ ग्रॅम, कधी १०० ग्रॅम तेल काढलेली पूड. फोडणीतल्या चिमटीनं काही व्हायचं नाही. भिजवून, मोड आणून, भाजीत, भाकरीत अन्न म्हणून खा, गोळी चालू ठेवून खा, आणि डॉक्टरांच्या कानावर घालून खा, म्हणजे साखर फार खाली गेली तर कशानं ते कळेल.

सासूबाईंशी भांडू नकोस. "आई, या झाडातून कर्करोगाचं औषध काढतात, इतकं जहाल आहे ते, मला झेपायचं नाही," असं म्हण. त्यांना झाडाचा मान राहिल्यासारखं वाटेल आणि ते खरंही आहे. फुलं देवाला वाहू देत.

एक उरलंच. त्यांच्या ओळखीच्या वैदूकडून आणलेली ती पूड अजून घेतेस ना? ती टाकू नकोस, पुडीसकट डॉक्टरांना दाखव. अशा "झाडपाल्याच्या" पुडीत साखर उतरवायच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या निघाल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणूनच काहींना फार लवकर गुण येतो. एचबीए१सी तीन महिन्यांपूर्वी केलं होतंस ना? पुन्हा करून घे, आणि आकडा आला की मला कळव, दडवू नकोस.