हप्ता संपल्यानंतरचं घर

कर्ज कसं फेडावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते फिटल्यावर काय करावं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आता अनुभवाने सांगते: शेवटच्या हप्त्यानंतरचं पहिलं वर्ष कर्जाच्या वर्षांइतकंच जपून काढायचं असतं. हातात पैसा खेळायला लागलेला असतो, घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही घ्यायचं राहून गेलेलं असतं, आणि नियमाने फेडणारं गिऱ्हाईक म्हणून तुमचं नाव सगळीकडे पोचलेलं असतं. ‘तुमच्यासाठी कर्ज मंजूर झालंय’ असे फोन आमची ओढाताण चालू होती तेव्हा कधी आले नाहीत. सगळं फिटल्यावर मात्र येतच राहिले.

आमचं कर्ज चैनीचं नव्हतं. यजमानांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं, मोठ्या कारखान्यांची लेथवरची जॉबवर्कची कामं करायचे. २०२० च्या टाळेबंदीत कामं थांबली, आधीच्या बिलांचे पैसे अडकले आणि कामगारांचे पगार तर द्यायलाच हवे होते. आधी दागिने तारण गेले, मग वैयक्तिक कर्ज, मग क्रेडिट कार्ड. कर्वेनगरच्या फ्लॅटचे हप्ते चालूच होते. शेवटी मशिनं विकली, ह्यांनी नोकरी धरली, मी शाळा सांभाळून संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. सगळ्यात आधी कार्ड फेडलं. त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, आणि नुसती ‘किमान देय रक्कम’ भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही. मग दागिने सोडवले आणि सगळ्यात शेवटी घर मोकळं झालं. बहुतेक घरं अशाच क्रमाने सुटतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही.

कर्ज फिटल्यावर पहिलं काम कागदांचं. कर्जाच्या कागदाची किंमत आपला पुणे जिल्हा फार पूर्वीपासून जाणतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती पडले की ते जाळून टाकत. पैसे भरूनही पावती मिळायची नाही, रोखा सावकाराच्याच पेटीत राहायचा, हे त्यांचं खरं दुखणं होतं. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. आज आपल्या बाजूने रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण नियम आहे म्हणून कागद आपल्या पायांनी घरी येत नाहीत. कर्ज घेताना बँकेने कागदपत्रांची जी यादी सही-शिक्क्यानिशी दिलेली असते ती सोबत न्या, आणि करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असा एकेक कागद पानं मोजून ताब्यात घ्या. दागिने सोडवताना तारणाच्या पावतीवरचं वजन समोर पडताळून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ भरून आरटीओतला बोजा काढल्याशिवाय काम संपत नाही.

महिना-दोन महिने गेले की पतअहवाल काढून पाहा. प्रत्येक पतमापन संस्थेला वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. तुमच्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलेलं असलं पाहिजे. थोडी सूट घेऊन तडजोडीने खातं मिटवलं असेल तर तिथे ‘सेटल्ड’ येतं, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा तो शब्द आडवा येतो.

दुसरं काम हप्त्याच्या पैशाचं, आणि ते पहिल्याच महिन्यात करायचं. ज्या तारखेला बँक हप्ता कापून घ्यायची त्याच तारखेला तेवढीच रक्कम रिकरिंगमध्ये वळवा. इतकी वर्षं त्या पैशाशिवाय घर चाललेलं असतं. तो एकदा घरखर्चात मिसळला की कुठे गेला ते सापडत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत आम्ही त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. आणि सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवली नाही. पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, आणि मधल्या वर्षांत आयुष्यभराची पुंजी अडकलेली म्हातारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. एका बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तो आकडा डोळ्यांपुढे ठेवून पैसे विभागावेत.

आता माळ्याकडे येते.

कर्जाच्या वर्षांत आमच्या घरातून काही म्हणजे काही बाहेर गेलं नव्हतं. श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक घालून त्यांची उतरंड झालेली. बंद पडलेला मिक्सर भांड्यांसकट. कुकरच्या ढिल्या रिंगा, लहान झालेले गणवेश, जुन्या खोळी, कशाच्या आहेत ते आठवत नाही अशा वायरींची भेंडोळी. पैसा नसतो तेव्हा माणूस वस्तू टाकत नाही, कारण उद्या लागली तर आणायची कुठून ही धास्ती असते, आणि त्या वेळी ती खोटीही नसते. खोळ फाडून पायपुसणी शिवली, एका मुलाचा गणवेश दुसऱ्याला गेला, असं करूनच आम्ही निभावलं. पण कर्ज फिटल्यावरही ती धास्ती माळ्यावर बसून राहते. लहान खोलीत वर्कशॉपचं उरलेलं सामान रचलेलं होतं आणि मुलगी दहावीचा अभ्यास ओट्याशेजारी पाट मांडून करत होती. त्या पसाऱ्याचं भाडं ती भरत होती हे माझ्या मनात आलं, तेव्हा आवराआवरीला हात घातला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी जिथे जीव गुंतलाय तिथून सुरुवात करू नये. आम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून केली. वर्कशॉपच्या खोक्यांना हात लावायला ह्यांना बराच वेळ लागला आणि तो मी लागू दिला. त्यात ड्रिलचे संच होते, टूलबिट होते, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज होती आणि लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेला मायक्रोमीटर होता. एका रविवारी ते स्वतःच खाली बसले, मायक्रोमीटर काढला, कापडाने पुसला, पूर्ण मिटवून शून्यावर येतो का ते उजेडात धरून पाहिलं आणि परत पेटीत ठेवला. तो राहिला. बाकीची हत्यारं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने नेली, त्याने आता स्वतःचा एक लेथ टाकलाय. ड्रॉइंग्ज रद्दीत गेली. धंदा बंद केलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: जीएसटीचे हिशेब आणि बिलं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ती फाईल आवराआवरीच्या भरात रद्दीवाल्याला देऊ नका.

बायकांच्या कपाटातला पसारा वेगळ्या जातीचा. तो आपण विकत घेतलेला नसतो. ओटीचे ब्लाऊजपीस, देण्याघेण्याच्या साड्या, आणि संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात लुटलेली वाणं. प्लॅस्टिकच्या डब्या, चहाच्या गाळण्या, पातळ पत्र्याच्या वाट्या, एकीकडून आलेल्या दुसरीकडे जाणाऱ्या आणि दोघींच्याही घरी न वापरल्या जाणाऱ्या. हप्ते चालू असतानासुद्धा मी वाणाला पैसे काढायचे, कारण चार जणींत वाण न देणं मनाला लागायचं. त्यात काही गैर आहे असं मी आजही म्हणणार नाही, बायकांच्या एकमेकींकडे जाण्या-येण्याला तो एक धागा आहे. पण धागा टिकायला गाळणीच हवी असं नाही. गूळ द्या, मूगडाळ द्या, कढीपत्त्याचं रोप द्या. आमच्या इमारतीत मी गुळापासून सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी इतर दोघी-तिघींनीही खाण्याचीच वस्तू दिली. ब्लाऊजपीसांच्या पिशव्या शिवून घेतल्या, मंडईत त्याच नेते.

घरातून जे जाईल ते योग्य हातात न जायला पुण्यात निमित्त नाही, इतक्या वाटा आहेत. शाळेची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानी देता येतात आणि पुढच्या इयत्तेची तिथूनच कमी किमतीत आणता येतात. धडक्या साड्या आणि पँटी बोहारणीला. तांब्या-पितळेची फुटकी भांडी मोडीत, मात्र वजन आणि त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारून. भांडं नुसतं चेपलेलं असेल तर तांबट आळीत दाखवा, नीट होऊन कल्हई लागली की पुढची पिढी वापरते. सुटी हत्यारं, नळाच्या तोट्या, जुनी कुलपं कुंभारवेशीच्या जुन्या बाजारात जातात, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. कचरा नेणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. जुनं सामान नेण्याचा त्यांचा वेगळा उपक्रम आहे. सुका कचरा विकून त्या ताईंची कमाई होते, म्हणून कागद ओला करू नये, डबे विसळून द्यावेत, आणि फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर तसं लिहावं. आपली आवराआवर दुसऱ्याच्या हाताला जखम करून होऊ नये.

माळा रिकामा झाला की तो परत भरायची ओढ लागते, आणि ही ओढ फसवी असते. एकसारखे डबे, कप्प्यांचे ट्रे, कपड्यांच्या पेट्या, नीटनेटकेपणाच्या नावाखाली नवी खरेदी सुरू होते. आम्ही काही घेतलं नाही. रिकाम्या जागेत कोठी आली आणि उन्हाळ्यात वर्षाचे गहू, कडुनिंबाचा पाला घालून. मार्केट यार्डातून एकदम घेतलेलं धान्य किराणा दुकानातल्या सुट्या धान्यापेक्षा स्वस्त पडतं, पण जागा असेल आणि कीड लागू नये म्हणून लक्ष देणारं घरात कुणी असेल तरच. पुस्तकं विकत घेण्याऐवजी पुणे नगर वाचन मंदिराची वर्गणी भरली. १८४८ पासून हे वाचनालय आपल्या शहरात आहे आणि तिथली पुस्तकं वाचून परत जातात, घरात राहत नाहीत.

या सगळ्यात मला वारंवार डॉ. हेमा साने आठवल्या. गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंनी बुधवार पेठेतल्या जुन्या घरात विजेशिवाय आयुष्य काढलं आणि तिथेच बसून पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. त्यांना वीज परवडत नव्हती असं नाही, त्यांना ती नको होती. आमच्या घरात ते जमणार नाही आणि जमवायची माझी इच्छाही नाही. पण परिस्थितीने लादलेली काटकसर आणि आपण होऊन पत्करलेली काटकसर यांतलं अंतर त्यांच्याकडे पाहून मला उमगलं. लादलेली होती तेव्हा मुलांना ‘नाही’ म्हणताना माझा आवाज चढायचा. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघं जण खर्चाची वही उघडून बसतो, आणि काय घ्यायचं नाही हे पुष्कळदा मुलंच सांगतात.

काटकसर कुठे करू नये हेही सांगायला हवं. आरोग्यविम्याचा हप्ता, दाताचं दुखणं, चष्म्याचा नंबर, मुलांचं दूध आणि फळं यांवर वाचवलेला पैसा पुढे दवाखान्यात दामदुपटीने जातो. आवराआवर करतानाही सासूबाईंच्या ट्रंकेला आम्ही हात लावला नाही. त्यांच्या वस्तूंचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं.

आणि जामीन. कर्ज फिटल्यावर हा विषय घरी चालून येतोच. आमचे चुलत दीर आले, चहा झाला, आणि म्हणाले, “वहिनी, तुमचं आता सगळं क्लिअर आहे, दादाची नुसती सही हवी.” नुसती सही कधीच नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक आधी कर्जदाराकडे वसुली करून मगच तुमच्याकडे यायला बांधलेली नाही. ह्यांनी सही केली नाही. त्याऐवजी रिकरिंग मोडून काही रक्कम दिली, परत मागायची नाही असं आम्ही दोघांनी आधी बोलून घेतलं होतं. भाऊजींना राग आला. त्या वर्षी भाऊबीजेला ते आले नाहीत, फोनही नाही. पुढच्या वर्षी जाऊबाईंना घेऊन आले, जेवले, आणि निघताना त्यांच्या चाललेल्या हप्त्यांचा कागद ह्यांच्यापुढे ठेवून विचारलं, “दादा, यातलं आधी कुठलं फेडू?”